लवूची वाफेची मोटार

गाडीतळ, रत्नागिरी
३ नोव्हेंबर १९३२

चि. लवू,

भावोजीचा आशीर्वाद घे आणि आधी हसून घे. माझी डावी भुवई गेली.

तू बोटीवर परत गेल्यावर पहिल्यांदाच एकट्याने तुझी मोटार पेटवली. बारकी बत्ती नीट तापायच्या आत घासलेटचा कॉक उघडला, आणि बर्नरने असा भपकारा सोडला की मी माझ्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्याच्या दारात उताणा. तुझी बहीण मथुरा हातातलं काम टाकून धावत आली. जीव आहे याची खात्री केली आणि मग पदर तोंडाला लावून हसत बसली. तुम्ही आगवाले बोटीच्या पोटात रोज भट्टीपुढे उभे असता, तुमच्या भुवया कशा टिकतात ते कळव.

बजावून गेलास ते सगळं पाळतोय. गोड्या विहिरीचंच पाणी, बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच डोळ्याआड होऊ द्यायची नाही, आठवड्यातून एकदा पेटवायची. फक्त एकदाचं दोनदा झालंय, कधी तीनदा. बंद राहिली तर झडपा धरतात, असं माझं मत.

संध्याकाळी कारखान्यात मोटारवाल्यांचा अड्डा जमतो. कापडवाला हरिश्चंद्र शेट्ये त्याची ती वेताची साइडकार लावलेली फटफटी घेऊन येतो. परवा परटवण्याच्या उतारावर साइडकारचा बोल्ट निसटला. दमयंतीवहिनी आत बसलेल्या, मांडीवर नारळांची पिशवी. साइडकार त्यांना घेऊन सरळ खालच्या मळ्यात गेली आणि पेंढ्याच्या उडवीला टेकून थांबली. हरिश्चंद्र गप्पा मारत घरापर्यंत पोचला. वहिनी उत्तर देत नाहीत याचं त्याला नवल वाटलं नाही, कारण रागावल्या की त्या देतच नाहीत. बोल्ट मीच आवळला होता, असं तो म्हणतो. मी म्हणतो, मी सांगितलं होतं आवळायला.

बाळा ड्रायव्हरचं दुसरंच. त्याच्या जुन्या फोर्डची पेट्रोलची टाकी सीटखाली. पेट्रोल कमी असलं की चढाला ते इंजिनापर्यंत पोचतच नाही. मग बाळा गाडी फिरवतो आणि लांज्याच्या वाटेवरचा चढ उलटा चढतो. आत एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, ‘म्हायेराकडे तोंड करून सासरला चालले, असां आजवर कदी झालां नवतां.’

तुझी मोटार मात्र चढ आहे की उतार, विचारतही नाही. गिअर नाही, हँडल मारणं नाही, आवाज नाही. रस्त्यातली कुत्री गाडी निघून गेल्यावर भुंकतात. मुंबईत त्या पारशी म्हाताऱ्याच्या तबेल्यात ही धूळ खात पडली होती आणि ती तुलाच दिसली, याचा मला कधीकधी हेवा वाटतो. उतारू नेणाऱ्या होड्या, दोन पडाव, एकमेकांना बांधून तिला आगबोटीवरून धक्क्याला आणली तो दिवस अजून इथे लोकांच्या तोंडात आहे.

तुझी आई बरी आहे. तिला म्हटलं, बसा, मांडवीपर्यंत फिरवून आणतो. ‘लवू हाकील तवा बसेन,’ म्हणाली. शिमग्याला तू कायमचा येणार, ही मोटार भाड्याने चालवणार, हे ती दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगते. बोटीच्या डॉक्टरने भट्टी सोड म्हणून सांगितलंय ते तिला कळवलेलं नाही. खोकल्याला जप.

तुझा,
गंगाराम


गाडीतळ, रत्नागिरी
२२ जानेवारी १९३३

चि. लवू,

शिमग्याला बोट सोडून येतोस, हे तुझं पत्र पोचलं. उत्तर लिहायला हात होत नाही, पण लिहिलं पाहिजे.

मोटार बिघडली आहे. गेल्या आठवड्यात बाहेर काढली होती, येताना पाणी संपत आलं. भाट्याच्या खाडीकाठच्या एका विहिरीचं पाणी भरलं. ते मचूळ निघालं. जिभेवर घेऊन बघायला हवं होतं, घाईत राहून गेलं. आता बॉयलरच्या नळ्या गळतायत. वाफ धरतच नाही. झाकून ठेवली आहे.

इथे असलं काम कोणाला येत नाही, मला तर नाहीच. तू आत्ता आलास तर हाकशील काय, आणि घर कशावर चालवशील? आणखी एक वर्ष बोटीवर काढावंस आणि तेवढ्यात बॉयलरची काही व्यवस्था बघावी, असं मला वाटतं. निर्णय तुझा. मी आग्रह करत नाही.

चूक माझी आहे. माफ कर.

गंगाराम


त्याच दिवशी संध्याकाळी
(हे पत्र टाकलेलं नाही)

लवू,

सकाळचं पत्र पेटीत पडलं. त्यातली ‘चूक माझी आहे’ एवढी एकच ओळ खरी.

तुझी मोटार ठणठणीत आहे. काचेसारखं पाणी घालतो, फडक्याने पुसतो, आज दुपारी वैशंपायन वकिलांना खेडशीपर्यंत घेऊन गेलो होतो. खाडीकाठची विहीर मी मनातून काढली. तू आगवाला, खाऱ्या पाण्याचं नाव काढलं की तुझा विश्वास बसेल, हे मला ठाऊक होतं. म्हणून तेच लिहिलं.

का लिहिलं, ते इथे तरी सांगतो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या फोर्डखाली पाठीवर पडून आहे. वरून लोक बोलतात ते मला दिसत नाहीत, त्यांचे जोडे दिसतात. तुझी मोटार हाकायला लागल्यापासून माणसं मला ‘गंगारामशेट, जरा दाखवा हो’ म्हणतात. लग्नघरची माणसं नवरा-नवरीला बसवायला गाडी मागायला येतात, तेव्हा मला आधी पाट देतात. शिमग्याला तू आलास की मी पुन्हा खाली. तुझं पत्र वाचलं आणि आनंद व्हायच्या आधी हे मनात आलं. मी असा माणूस आहे हे मलाही माहीत नव्हतं.

उद्या दुसरं पत्र लिहून सगळं खरं कळवीन.


गाडीतळ, रत्नागिरी
१८ एप्रिल १९३३

चि. लवू,

तुझं लांबलचक पत्र पोचलं. तू रागावशील असं वाटलं होतं. तू उलट मलाच धीर दिलास. मचूळ पाण्याने एकदम काही मरत नाही, गोडं पाणी भरून, उकळून, सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं, असं किती बारकाईने लिहिलंस. बॉयलरची चित्रंही काढलीस. बोटीच्या हादऱ्यात रेघा वाकड्या झाल्यात त्याही कळतात.

विलायतेहून नव्या नळ्या घेतल्यास आणि तुझ्या बोटीवरच्या महिपतबरोबर पाठवतोयस, हे कळलं. इतकं करायला नको होतंस. पुढच्या वर्षाच्या करारावर सहीही केलीस. तू जे ठरवशील ते खरं.

मथुरा तुझ्यावर रुसली आहे. लक्ष देऊ नको. आईला अधूनमधून ताप येतो, काढा चालू आहे. तुझी पत्रं मी दोघींना वाचून दाखवतो.

अड्ड्यावर नवीन काही नाही. वैशंपायन वकिलांच्या साखळीवर चालणाऱ्या मोटारीची साखळी बाजारात तुटली आणि मागून येणाऱ्या भाजीवालीच्या पाटीत जाऊन पडली. बाईंनी ती परत द्यायला नकार दिला. यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही.

खोकला कसा आहे?

गंगाराम


गाडीतळ, रत्नागिरी
१० सप्टेंबर १९३३

चि. लवू,

तार मिळाली असेल. आई श्रावणात गेली. ताप उतरला नाही. पाऊस असा होता की भावकीतलं कोणी वेळेवर पोचलं नाही. तुझ्या जागी पाणी मी पाजलं, अग्नी मी दिला. दहावं, तेरावं सगळं रीतसर झालं. कावळा उशिरा शिवला, पण शिवला.

तिला त्रास फार झाला नाही. तुझी आठवण काढत होती.

नळ्या पावसाळ्यापूर्वीच पोचल्या. महिपत चहा पिऊन गेला. कामाचं बघतो.

जास्त लिहवत नाही.

गंगाराम


गाडीतळ, रत्नागिरी
२८ जानेवारी १९३४
(मुंबईला, गावकऱ्यांच्या खोलीवर)

लवू,

हे पत्र तू गुरुवारच्या आगबोटीत बसायच्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून उद्याच पाठवतोय. उभ्याने वाचू नको.

तू लिहिलंयस: ‘भावोजी, महिपतने पोटात ठेवलं नाही. मोटार तुम्ही दुरुस्त केलीत आणि मला अचानक दाखवायची म्हणून कोणाला बोलू देत नाही, हे कळलं. माझी नोकरी संपली. डॉक्टरने भट्टीपुढे उभं राहायला बंदी केली, पण मला चिंता नाही, दारात गाडी उभी आहे. तुम्ही आईला माझ्या जागी पाणी पाजलंत, माझी गाडीही जगवलीत. धक्क्यावर मोटार घेऊन या, मागे ताईला बसवा.’

लवू, मोटार कधी बिघडलीच नव्हती.

खाडीकाठची विहीर, मचूळ पाणी, गळक्या नळ्या, सगळं मी रचलं. तू येऊ नयेस म्हणून रचलं, कारण आलास की गाडी तुझी झाली असती. ती आधीपासून तुझीच होती, हे मी विसरलो असं म्हणणार नाही. विसरलो नव्हतो. त्याच दिवशी खरं लिहिलेलं एक पत्र पेटीत न टाकता ठेवलं होतं, ते सोबत जोडलंय. उद्या कळवीन, उद्या कळवीन करत वर्ष गेलं. तुझ्या नळ्या पेटीत आहेत तशाच आहेत, पेटीचे खिळेसुद्धा उचकटलेले नाहीत.

महिपतचं असं झालं. वैशाखात लांज्याला त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं. त्या घरच्यांनी मोटार मागितली, आणि घर महिपतचं आहे हे मला तिथे पोचेपर्यंत कळलं नाही. मांडवाच्या दारात तोच नारळ घेऊन उभा. नळ्या त्याने आदल्याच आठवड्यात आणून दिल्या होत्या. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, लवूला यातलं काही कळवू नकोस. तो हसला. म्हणाला, ‘कळलां, कळलां. मेव्हण्याला आयत्या येळी दाखवायची हाय.’ मीही हसलो. ते हसणं तुझ्यापर्यंत पोचलं आणि तू त्यातून माझा चांगुलपणा काढलास.

आता आईचं. ते मी सप्टेंबरात लपवलं.

तुझी पत्रं मी वाचून दाखवायचो, पण सगळी नाही. तू दर पत्रात लिहायचास, ‘आईला सांगा, गाडी बरी झाली की आलोच.’ ती ओळ मी कशी वाचणार? गाडी अंगणात उभी, धुतलेली, तिच्या डोळ्यांसमोर. म्हणून मी ती गाळायचो आणि खुशाली तेवढी वाचायचो. दोघी धरून चालल्या की येण्यासारखं सगळं असून तू येत नाहीस. शेवटच्या दुखण्यात आईने मला विचारलं, ‘पत्रात माज्यासाटी काय लिवलंय?’ तू पानभर लिहिलं होतंस. मी म्हटलं, बरा आहे म्हणून लिहिलंय. ती भिंतीकडे वळली. ‘लवूला आयेपेक्षा बोट बरी वाटली,’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

तेव्हा सांगितलं असतं तर चार घटका तरी तिला आपला मुलगा परत मिळाला असता. मी जवळ बसलो होतो. पाण्याचा पेला माझ्याच हातात होता. लवू, मोटारीबद्दल मला तू कधीतरी माफ करशील. या गोष्टीबद्दल कर, असं मी म्हणणार नाही.

तुझं हे पत्र आलं तेव्हा मला सुटायला वाट होती, तेही सांगतो. नळ्या बसवल्या असं म्हटलं असतं तर कोणाला कळलं नसतं. पत्रातली मोटारीची ओळ मी मथुरेला वाचली नाही, तू येतोयस एवढंच सांगितलं. पण हरिश्चंद्रला महिपतच्या भावाकडून बातमी लागली होती. त्याने अड्ड्यावर माझी पाठ थोपटली. म्हणाला, विलायतेच्या नळ्या रत्नागिरीत बसवल्या आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस, गंगाराम, तू वस्ताद. हा रोज ती गाडी चालताना बघत होता, तरी त्याला प्रश्न पडला नाही. दमयंतीवहिनींनी तुझ्या येण्याचे म्हणून पेढे पाठवले. दोन दिवस मी ते कौतुक घेतलं. पेढाही खाल्ला.

तिसऱ्या दिवशी मथुरा तुझं पत्र घेऊन आली. आई जिथे गेली त्या पडवीत मला बसवलं आणि म्हणाली, ‘हितां बसून परत वाचा. सगळां वाचा. आयेला कळू दे लवू येतोय तां.’ मी वाचायला लागलो. ‘माझ्या जागी पाणी पाजलंत’ इथे कागद खाली ठेवला. तिला वाटलं मला आईची आठवण आली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला सोसला नाही, आणि मी सगळं सांगून टाकलं. अगदी विहिरीपासून.

ती म्हणाली, ‘म्हंजे आये फुकटच रुसून गेली.’ एवढंच. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. जेवण वाढते, ताट पुढ्यात सरकवते आणि आत जाते. हरिश्चंद्रला आणि बाळाला मी स्वतः जाऊन सांगितलं. बाळाने ऐकून घेतलं आणि गाडी काढून निघून गेला. अड्डा आता त्याच्या घराच्या अंगणात जमतो, आणि ते बरोबर आहे.

मोटारीचा हिशेब सरळ आहे. ती चालू स्थितीत आहे, बॉयलर कुठे गळत नाही, पाण्याची काच स्वच्छ आहे, एका मागच्या चाकाचा टायर झिजलाय तो मी बदलून ठेवला. तिला मी आता हात लावत नाही. कारखान्याची जागा तू वापर, हत्यारं वापर, भाडी तू घे. तुझा खोकला वाढलाय असं तू लिहीत नाहीस, पण तुझं अक्षर मी ओळखतो. ते वर्ष मला परत देता येणार नाही. गाडी धुवायला, घासलेट भरायला, तुझ्या मागे विहिरीवरून पाणी आणायला माणूस लागेल. तो मी होईन, तू ठेवलंस तर. नाही ठेवलंस तर मी बाळाच्या सर्व्हिसवर क्लीनर म्हणून जाईन, त्याच्याशी बोलून ठेवलंय. मथुरेला आणि तुला एकमेकांचं घर राहील.

मोटार धक्क्यावर आणणार नाही. तुझ्या गाडीत बसून तुला घ्यायला येण्याचं तोंड मला नाही. ती तू घरी येऊन पेटव. मी बैलगाडी घेऊन येईन. मथुरा येणार आहे, असं तिने शेजारच्या तुळसाकाकूंना सांगितलं. माझ्या गाडीत बसेल की चालत येईल, ते माहीत नाही.

पडावातून उतरलास की मी समोरच असेन. तोंड फिरवायचं तर फिरव, बोलायचं नसेल तर बोलू नको. ट्रंक तेवढी मला उचलू दे.

गंगाराम